गुरुवारचे वॉफल



पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको की, येथील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी कधीकाळी ठरलेला हा वार पुढे आपल्या अंगवळणी पडला. मुलांची शाळा मात्र रविवारी बंद. परिणाम असा की, ज्या घरात बाप कारखान्यात आणि मुले शाळेत, त्या घरात दोघांच्या सुट्टीची गाठच पडत नाही. रविवारी मुले उठतात तेव्हा बाप फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये पेंगत असतो. गुरुवारी बाप उठतो तेव्हा मुलांची दप्तरे गेलेली असतात. आम्ही स्वतः एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून आहोत. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, याची नोंद ठेवण्यात आमची वीस वर्षे गेली. आपल्या मुलांसोबत आठवड्यातून किती मिनिटे बसलो, याची नोंद मात्र आम्ही कधी ठेवली नव्हती.

यावेळी लिहितो आहोत ते गुरुवारच्या संध्याकाळी आमच्या घरी चाललेल्या एका उद्योगाविषयी. आमचे काही कार्यकर्ते मित्र हसतील. हसू द्यावे. उद्योग आहे वॉफल करण्याचा.

वॉफल म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या धिरड्यापेक्षा जाड, केकपेक्षा कुरकुरीत आणि अंगभर चौकोनी खळगे असलेली ही एक भाजलेली चकती. खळग्यांत मध, गूळ, लोणी, चॉकलेट, जे घालाल ते साठून राहते. ते करण्याचे यंत्र म्हणजे एकावर एक मिटणारे दोन छोटे विजेचे तवे. पीठ मध्ये ओतायचे आणि झाकण मिटायचे, की दोन्ही बाजू एकदम भाजतात. उलटण्याची भानगड नाही. आमच्याकडे आहे ते लहानात लहान. त्यात चार इंचाचे एकच वॉफल होते.

हे यंत्र आमच्या घरात आले त्याला कारण घडले मुलीचे एक खोटे बोलणे.

आमची थोरली सहावीत आहे. वर्गात एकीच्या वाढदिवसाची चर्चा चालली होती. कोणी वॉफल खाल्ले, कोणी कोठे खाल्ले, असे चालले असता आमची कन्या म्हणाली, "आम्ही तर नेहमीच खातो." लगेच एकीने विचारले, "कोणतं आवडतं तुला?" हिला एकाही प्रकाराचे नाव सांगता येईना. मुली हसल्या. मोठे काही घडले नाही, पण त्या रात्री ती जेवली नाही. आजीच्या कुशीत शिरून तिने तिला सगळे सांगितले आणि आजीने आम्हांस सांगितले.

आम्ही प्रथम रागावलो. खोटे का बोलावे? पण रात्री झोप येईना. आम्हीही लहानपणी शाळेत असेच खोटे बोललो होतो. घरी काल रात्रीची भाकरी आणि चटणी खाऊन आलो असता, "आज आमच्याकडे श्रीखंड होतं" असे म्हणालो होतो. पोराला आपले घर इतरांच्या घरापुढे उणे वाटू लागले की ते असे बोलते. त्याला रागावून काय होणार?

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघे वॉफलच्या दुकानात गेलो. भिंतीवरच्या पाटीवर एकेका वॉफलचा भाव १६० रुपयांपासून सुरू होत होता. आमच्या सहचारिणीने आमच्याकडे पाहिले, आम्ही पाटीकडे पाहिले, आणि एकच मागवले. काउंटरवरचा मुलगा समजूतदार होता. न सांगता त्याने त्याचे चार तुकडे करून दिले. धाकट्याने आपला तुकडा दोन घासांत संपवला आणि बहिणीच्या तुकड्याकडे पाहत राहिला. थोरलीने तो त्याला देऊन टाकला. ज्याच्यासाठी ती वर्गात खोटे बोलली होती ते शेवटी तिने अर्धेच खाल्ले.

त्याच आठवड्यात ओव्हरटाइमचे पैसे हाती आले. पिंपरी कॅम्पातल्या भांड्यांच्या दुकानांत फिरून आम्ही ९०० रुपयांचे यंत्र घेतले. घेताना तीन पिनांचा प्लग पाहिला, आयएसआयची खूण पाहिली आणि पक्की पावती घेतली. विजेची वस्तू बिनपावतीची घेऊ नये, मग ती पन्नास रुपयांनी स्वस्त का मिळेना.

पहिला गुरुवार पार फसला, हे येथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. मुले शाळेतून आली. आम्ही डब्यावर छापलेली कृती वाचून पीठ कालवले आणि कढईत भजी सोडावी तशा घाईने ओतले. ते चहूबाजूंनी ओघळून ओट्यावर आले. धाकटा दुसरीत आहे. त्याला दम कुठला निघायला! त्याने दीड मिनिटात झाकण उचलले, आणि वॉफल मधोमध फाटून अर्धे वर, अर्धे खाली चिकटले. थोरली त्याच्यावर ओरडली. आम्ही दोघांवर ओरडलो. टाइम ऑफिसात चढवतो तोच आवाज आम्ही घरात चढवला. धाकटा रडत आजीच्या मागे गेला. थोरली म्हणाली, "आपल्याकडे असं काही जमतच नाही, पप्पा." नऊशे रुपये पाण्यात गेल्याचे दुःख त्या वाक्यापुढे काहीच नव्हते.

रात्री शेजारचे गृहस्थ आले. ते चाकणच्या एका कारखान्यात टूल रूमला आहेत, ठेकेदाराकडून लागलेले, पण कामात तरबेज. मूळचे मराठवाड्याचे. यंत्र हातात घेऊन त्यांनी झाकण उघडले, खळग्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "दादा, ही डायच आहे की! हे बघा, प्रत्येक खुंटीला ड्राफ्ट दिलाय." म्हणजे असे की, तव्यावरच्या चौकोनी खुंट्या बुडाशी रुंद आणि टोकाशी किंचित निमुळत्या असतात. सरळ ठेवल्या तर भाजलेला माल त्यांत अडकून बसेल. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून देतात तो हा उतार. आम्ही विचारले, "मग आमचे का फाटले?" ते म्हणाले, "जॉब कच्चा असताना डाय उघडली. फाटणारच. आधी वाफ जाऊ द्या."

एवढ्यातच सारी विद्या आली. पिठात पाणी असते. ते तापले की वाफ होते. ती झाकणाच्या कडेने फसफसत बाहेर पडते. ती जोरात येत आहे तोवर आत अजून ओल आहे, बाहेरचा पापुद्रा धरलेला नाही. वाफ मंदावली, जवळजवळ थांबली, की वॉफल आपोआप तव्यापासून सुटते. झाकण उचलताना जड लागले तर ओढू नये, आणखी अर्धा मिनिट थांबावे.

खळग्यांचे कारणही त्यांनीच धाकट्याला समजावून दिले. आकुर्डीच्या स्कूटरीचे नाव येथे कोणाला ठाऊक नाही? तसल्या वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या अंगावर पत्र्यासारख्या पाती असतात. पाती असल्या की हवेला लागणारी जागा वाढते आणि इंजिनाची उष्णता लवकर बाहेर जाते. येथे उलट आहे. खुंट्यांमुळे पिठाला लागणारी तापलेली जागा वाढते आणि उष्णता लवकर आत जाते. म्हणून एवढे जाड पीठ तीन-चार मिनिटांत भाजून निघते, आणि कुरकुरीत भागही जास्त मिळतो. यंत्रावरचा दिवा आपोआप लागतो नि विझतो, तेही असेच. आत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त वाढतो, पट्टी वाकते, वीज तुटते. थंड झाली की पुन्हा सरळ होते. इस्त्रीतही हीच युक्ती. दुसरीतल्या पोराने हे तोंड उघडे ठेवून ऐकले. शाळेत गेल्यावर त्याने काय सांगितले कोण जाणे, पण त्याच्या वर्गशिक्षिकेने पुढच्या सभेला आमच्या सहचारिणीस विचारले, "तुमच्या घरी डाय बनवतात का?"

दुसऱ्या गुरुवारी आम्ही ओरडायचे नाही असे ठरवून बसलो. कामे वाटून दिली. माप थोरलीकडे. अंडे फोडणे आणि फेटणे धाकट्याकडे. आम्ही घड्याळ धरायचे, तो तर आमचा धंदाच. मुलग्याकडे फेटणे आणि मुलीकडे मोजमाप, हे आम्ही मुद्दाम केले. आपल्या सभांतून आम्ही समतेवर बोलतो, आणि घरी मुलगा ताटावर बसून हाक मारतो, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे, स्वतःच्याही.

कित्येक गुरुवारांनंतर पक्के झालेले माप असे. एक वाटी, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, कणीक. तिच्यात दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, त्याने कुरकुरीतपणा येतो. एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा साखर किंवा किसलेला गूळ. दुसऱ्या भांड्यात एक अंडे, २०० मिलिलिटर दूध आणि तीन मोठे चमचे तेल एकत्र फेटावे. मग ओले कोरड्यात ओतावे आणि गाठी मोडण्यापुरतेच ढवळावे. फार घोटले तर वॉफल चिवट होते. कणीक पाणी शोषून घेते, म्हणून दहा मिनिटे झाकून ठेवावे. पीठ भज्याच्या पिठापेक्षा सैल आणि धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट असावे. तेलात काटकसर करू नये. आम्ही पहिल्या दिवशी केली होती, आणि चिकटण्याचे अर्धे कारण तेच होते. साखर मात्र वाढवू नये, ती आधी करपते.

यंत्र तापल्याचा दिवा लागल्याशिवाय पीठ घालू नये. लहान यंत्रात तीन मोठे चमचे पीठ पुरते. ते मध्यभागी घालावे, झाकण त्याला कडेपर्यंत पसरवते. वॉफल झाले की लाकडी चमच्याने किंवा सळईने उचलावे. लोखंडी चमचा, सुरी, तारेची घासणी या तव्यांना लावू नये, त्यावरचा थर खरवडला जातो. काढलेले वॉफल ताटात ठेवले तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. आम्ही पुऱ्या निथळायची जाळी वापरतो.

आता हा पदार्थ आला कोठून? मुलांना वाटते दुकानातून, आणि मोठ्यांना वाटते श्रीमंतांच्या घरून. दोन्ही खरे नाही. युरोपात शेकडो वर्षे लोक लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यात पीठ धरून ते विस्तवावर भाजत. वॉफल हा शब्द डच भाषेतून आला, आणि त्याचे नाते मधाच्या पोळ्याशी सांगतात. ब्रुगेल नावाच्या चित्रकाराने १५५९ साली काढलेल्या एका मोठ्या चित्रात गावच्या चौकातली गर्दी आहे. लंगडे, भिकारी, बायाबापड्या, पोरे यांच्या त्या गर्दीत विस्तवावर वॉफल भाजणारी बाईही दिसते. म्हणजे हे रस्त्यावरचे खाणे होते. अमेरिकेत ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टहाउट याने २४ ऑगस्ट १८६९ रोजी चुलीवर ठेवून उलटता येईल अशा वॉफलच्या तव्याचे पेटंट घेतले. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल्जियमहून आलेल्या एका कुटुंबाने जाड, हलकी वॉफले साय आणि स्ट्रॉबेरी घालून विकली, आणि 'बेल्जियन वॉफल' हे नाव अमेरिकेत गाजले. आपल्याकडे मुंबईत २०१५ साली बेल्जियन वॉफल कंपनीची दुकाने सुरू झाली. अंड्याशिवाय केलेले, हातात धरून खाता येणारे वॉफल त्यांनी गावोगाव नेले. चौकातल्या बाईचा पदार्थ असा फिरून काचेच्या दुकानात गेला आणि त्याचा भाव १६० रुपये झाला.

आमच्या आईने हे सगळे ऐकून घेतले आणि पहिले नीट जमलेले वॉफल हातात धरून म्हणाली, "हे तर जाळीचं धिरडं." मग थोडे थांबून म्हणाली, "आमच्या येळेला अमेरिकेतून मिलो आला व्हता."

१९७२ चा दुष्काळ आमच्या आईने चौदाव्या वर्षी पाहिला. दुष्काळी कामावर खडी फोडली. त्यावेळी अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळे, आणि कामावरच्या मजुरांना सुकडी. मिलोची भाकरी थापता थापता तुटे, तिला चव नव्हती, पोटात जड बसे. तरी तिच्यावर माणसे जगली. पुढे लग्न होऊन ती या पट्ट्यात आली. थोरलीने विचारले, "आजी, तुला ती भाकरी आवडायची का?" आई म्हणाली, "आवडायला इचारलं कुणी?"

त्याच संध्याकाळी आजीने आपला प्रयोग केला. ज्वारीचे पीठ पाऊण वाटी, बेसन पाव वाटी, बारीक कांदा, चिरलेली मेथी, मिरची, हळद, मीठ, दोन चमचे तेल. आम्ही सांगितले की ज्वारीला चिकटपणा नसतो, वॉफल तुटेल. ती म्हणाली, "मला भाकरी शिकवतो का?" तिने ज्वारीचे पीठ आधणाच्या पाण्यात कालवून झाकून ठेवले आणि मग बाकीचे मिसळले. गरम पाण्याने पीठ धरून राहते, हे तिला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. तिचे वॉफल पाच मिनिटे घेते, आमच्यापेक्षा एक-दोन मिनिटे जास्त, पण अखंड निघते. खळग्यांत लसणाची चटणी आणि वर तेलाचे दोन थेंब. आमच्या घरात आता याच वॉफलला मागणी अधिक आहे, हे आम्ही थोड्या नाराजीनेच नोंदवतो.

यानंतरची एक गोष्ट लिहावी की न लिहावी, याचा आम्ही विचार केला. लिहितोच.

त्या टूल रूमवाल्या शेजाऱ्यांचा मुलगा आमच्या धाकट्याएवढा आहे. वासाने तो दारात येऊन उभा राहू लागला. एका गुरुवारी आमच्या सहचारिणीने ताटलीत दोन वॉफले घालून त्यांच्या घरी पाठविली. थोरली घेऊन गेली. दारातच वहिनींनी विचारले, "यात काय काय आहे गं?" आणि ताटली तशीच परत आली. थोरली आली ती गप्प. आई पलंगावर बसली होती. तिने ताटली पाहिली आणि काही न बोलता तोंड भिंतीकडे केले. आमच्या हातचे कोण खाते आणि कोण खात नाही, याचा हिशेब तिच्या पिढीने जन्मभर मुकाट्याने ठेवला आहे. गावी तिने दिलेले तीळगूळही लोक पदरात घेत आणि पुढच्या वळणावर टाकत. आमच्या मनातही तेच आले. घरभर ते आले. कोणी बोलले नाही.

अर्ध्या तासाने वहिनी स्वतः आल्या. म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. पोरीला नीट सांगता आलं नाही मला. आमच्यात गुरुवारी अंडं चालत नाही, ह्यांचा दत्ताचा वार असतो. बिनअंड्याचं होतं का हो तुमच्यात?"

तेव्हा कळले की प्रश्न अंड्याचा होता. पण अर्धा तास आमच्या घरात जे बसून होते तेही खरेच होते, आणि ते त्या वहिनींनी आणलेले नव्हते. आमच्या सहचारिणीने त्यांना आत बसवले आणि दुसरे पीठ कालवले. अंड्याऐवजी दोन मोठे चमचे दही आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. असे वॉफल थोडे कमी फुगते, पण होते चांगले. वहिनींनी आईच्या शेजारी पलंगावर बसून ते खाल्ले आणि आईने केलेल्या ज्वारीच्याची कृती विचारली. आईने ती सांगितली, तीनदा. तेव्हापासून गुरुवारी आमच्याकडे अंड्याशिवायचेच पीठ होते. ताटली जाते ती रिकामी परत येत नाही, कधी तिच्यात शेंगदाण्याचे लाडू, कधी उसळ.

आता हिशेब. बी.कॉम. झालेल्या माणसाने हिशेबाशिवाय लेख संपवू नये. अंड्याच्या पिठाचा खर्च आम्ही वहीत असा मांडला: कणीक ६ रुपये, तांदळाचे पीठ २, अंडे ७, दूध १२, तेल ५, साखर २, बेकिंग पावडर १. यंत्र ५५० वॉटचे आहे. सलग चाळीस मिनिटे चालले तरी वीज एका युनिटच्या चार-दशांशाहून कमी लागते, ती ४ रुपये धरली. एकूण ३९ रुपये आणि वॉफले आठ. म्हणजे एक वॉफल पाच रुपयांच्या आत. यंत्राचे ९०० रुपये ६० गुरुवारांवर वाटले तर दर गुरुवारी १५ रुपये. सगळे मिळून ५४.

आम्ही मोठ्या ऐटीत हा हिशेब सहचारिणीस वाचून दाखविला. तिने विचारले, "ओटा पुसायला मला अर्धा तास लागतो, तो कुठे लिहिलाय?"

वही उघडी ठेवून आम्ही बराच वेळ बसलो. खरेच लिहिला नव्हता. मुलांनी पीठ सांडायचे, बापाने घड्याळ धरून गंमत पाहायची, आणि बाजारातून, कामावरून दमून आलेल्या बाईने चिकट भांडी घासायची, असा हा समतेचा कार्यक्रम चालला होता. त्या दिवसापासून नियम केला की, गुरुवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. भांडी आम्ही घासतो, ओटा थोरली पुसते, धाकटा झाडतो. झाडतो म्हणजे कचरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो, पण नेतो. यंत्र कधीही नळाखाली धरायचे नाही. प्लग काढून, पूर्ण थंड होऊ देऊन ओल्या फडक्याने पुसायचे, खळग्यांत अडकलेले जुन्या दातांच्या ब्रशने काढायचे. पहिल्या गुरुवारी तिला अर्धा तास लागला होता, आम्हांस पाऊण लागला.

ज्या घरांत मुले लहान आहेत त्यांना एक गोष्ट बजावून सांगतो. या यंत्राचे वरचे झाकणसुद्धा चटका देण्याइतके तापते, आणि कडेने निघणारी वाफ त्याहून वाईट. वायर ओट्यावरून लोंबकळत ठेवू नये, पोर ती ओढते. मोबाईलचे चार्जर, टीव्ही आणि इस्त्री ज्या एका लांब बोर्डावर लटकलेली असतात, त्यावर हे लावू नये. भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावावे. झाकण उघडण्याचे काम मोठ्यांचेच. आमच्या धाकट्याला एकदा बोटाला चटका बसला. आईने टूथपेस्ट आणा म्हटले, शेजारून हळद आली. दोन्ही लावू नये. भाजलेला भाग लगेच साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये, फोड फोडू नये. आमच्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा नळ वीस मिनिटे सोडून ठेवण्याची चैन प्रत्येक घरी नाही. म्हणून यंत्र लावण्याआधीच भरलेली बादली आणि तांब्या जवळ ठेवावा. हाताने ओतत राहिले तरी चालते. तळव्याएवढे किंवा त्याहून मोठे भाजले असेल, अथवा तोंडावर, डोळ्यांजवळ असेल, तर तडक दवाखाना गाठावा.

मागच्या महिन्यात थोरलीने आपल्या वर्गातल्या दोघींना गुरुवारी घरी बोलावले. त्यांतली एक, "कोणतं आवडतं तुला?" असे विचारणारी तीच. आम्हांस धाकधूक होती. दोन खोल्यांचे घर, पलंगावर आजी, चार इंचाचे यंत्र, आणि एका वेळी एकच निघणार. पण मुलींनी रांग लावली. एकीचे होईपर्यंत दुसरीने पीठ ढवळायचे, तिसरीने घड्याळ पाहायचे. वाफ थांबेपर्यंत सगळ्यांची डोकी त्या झाकणाभोवती. पहिले वॉफल थोरलीने त्या मुलीला दिले. मुलगी म्हणाली, "आमच्याकडे मशीन नाही, आम्ही विकतच आणतो." थोरलीने तिला सांगितले, "लोखंडी चमचा लावू नको हं, ड्राफ्ट खराब होतो." ड्राफ्ट आणि थर यांची गल्लत झाली होती. आम्ही दुरुस्ती केली नाही.

येत्या आठवड्यात आमची सेकंड शिफ्ट आहे, पण गुरुवार मोकळा आहे. वहिनी नाचणीचे पीठ दळून आणणार आहेत. नाचणीने वॉफल तुटते की टिकते यावर आमची आणि आईची पैज लागली आहे.